एका पावसाळ्याचे देणे

लडकूंचे राघो, राघोंचे सुनिल आणि सुनिलची ही कुणाली. लडकू माझे सासरे. राघोंचे नाव मी एरवी उच्चारत नाही. वंश सांगताना घ्यावे लागते.

मुरबाडकडचे डोंगराखालचे आमचे घर दरडीबरोबर गेले, तेव्हा सापगावच्या मालूंनी आम्हांला आपल्या पडवीत ठेवून घेतले. मृगापासून दिवाळीपर्यंत. त्यांची सून गुणा माझ्याच वयाची. तिने पहिल्याच दिवशी आमच्यासाठी वेगळी चूल मांडली, परक्याच्या ताटावर बसलो असे आम्हांला वाटू नये म्हणून. पुढे आम्ही शहापुरात घर बांधले. शेवटच्या दुखण्यात सासरे मला म्हणाले, "सुंदरा, मालूचा एक पावसाळा देणं रायलाय." ते मी विसरले नाही.

कुणाली इमारतींच्या पायांचा अभ्यास करते. गुणाच्या नातवाने, प्रणितने, नवे घर बांधायला घेतले, तेव्हा तिने पायाच्या सळ्यांना केसासारखा बारीक काचेचा धागा बांधून घेतला आणि त्यावर काँक्रीट ओतले गेले. धाग्यातून प्रकाश सोडायचा. पाया जिथे ताणतो तिथे धागाही ताणतो, आणि परतणारा प्रकाश बदलतो. दर ऋतूत ती यंत्र घेऊन सापगावला जाई. प्रणित चेष्टा करी, "आली गो वैदीण, घराची नाडी बघाय!"

तिसऱ्या वैशाखात तिने मला पडद्यावरची रेघ दाखवली. उताराकडचा कोपरा दर पावसाळ्यात थोडा ओढला जात होता आणि उन्हाळ्यात मागे येत नव्हता. कारण उघड होते. ज्या राबाच्या जागी पिढ्यान्‌पिढ्या पालापाचोळा भाजून भाताचे रोप वाढवले, ती खणायची नाही, म्हणून प्रणितने बांधतानाच घर बाजूला सरकवले होते. त्यामुळे अर्धा पाया कातळावर आला, अर्धा भर घातलेल्या खाचरावर.

"एक तरी भेग दाखव," प्रणित तिला म्हणाला.

"भेग पडायच्या आधी कळावं म्हणूनच धागा घातलाय, दादा. पाऊस सरला की कोपऱ्याखाली कातळापर्यंत आधार देऊ. तोवर इथे राहू नका."

"नव्या घरातून निघालो तर गाव काय बोलंल? काचेला भ्याला! आमी नाय हलत."

कुणाली त्या रात्री नीट जेवली नाही. मग मी स्वतः सापगावला गेले आणि थेट त्यांच्या ओटीवर जाऊन बसले.

"प्रणित, मी धाग्याचे सांगायला आलेले नाही. तुझ्या पणजोबांचा एक पावसाळा आमच्याकडे आहे. माझे डोळे मिटायच्या आत तो घेऊन जा."

त्याने आजीकडे पाहिले. गुणा सुपारी कातरत होती.

"इतक्या वरसांनी आठवण झाली होय गो तुला?"

"आठवण होतीच. तुझे घर कधी हललेच नाही, त्याला मी काय करू?"

गुणा ठसका लागेपर्यंत हसली. "बांध रे गोधड्या," ती नातवाला म्हणाली. "आपलं घेणं घ्याय जातोय आपण. भिऊन नाय जात."

मृग लागण्यापूर्वी सारे आले. आमच्या मागच्या पडवीत मी त्यांची चूल वेगळी मांडून ठेवली होती, आणि घरच्यांना बजावले होते की बोलावल्यावाचून तिथे कोणी डोकावायचे नाही.

श्रावणात सापगावच्या घराखालचा भराव बसला. कोपरा खचला, जमीन उलली, दरवाजा चौकटीत बसेना. प्रणित पाहून आला. येताना कुणालीसाठी रानातली करटुली घेऊन आला आणि तिच्या हातात पिशवी देऊन गुरांच्या चाऱ्याचे विचारू लागला.

पाऊस ओसरल्यावर कोपऱ्याखाली टप्प्याटप्प्याने खणून कातळापर्यंत आधार भरला. कुणाली यंत्र लावून आली आणि म्हणाली, रेघ आता स्थिर आहे.

दिवाळीच्या आदल्या दिवशी गुणाने चुलीतली राख काढली आणि चूल शेणाने सारवली. सापगावहून निघताना मीही तशीच सारवली होती.

"आणखी दोन दिवस राहा," असे माझी सून म्हणणार होती. मी तिला नजरेनेच थांबवले. एक पावसाळा म्हणजे एकच पावसाळा. मी गुणाला हळदकुंकू लावले.

"फिटलं गो, सुंदरा," ती म्हणाली.

सासऱ्यांचे देणे त्या दिवशी पुरते फिटले.