मास्तरांच्या गाडीतला नवा टेप

मित्रांनो, मी एक म्हातारी मोटारगाडी. कारखान्यातून निघाले तेव्हा पिवळीधमक होते. आता माझा रंग नेमका कोणता, ते मलाही धड सांगता यायचं नाही. एका इमारतीमागे पाण्याच्या टाकीशेजारी भिंतीकडे तोंड करून उभी असते. दिवसच्या दिवस कुणी फिरकत नाही, म्हणून तुमच्याशी बोलते.

मला विकत घेतलं ते गाडी चालवायला शिकवणाऱ्या एका मास्तरांनी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी शेजारच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक बसवून घेतले आणि माझ्या टपावर पाटी लावली. पुढची एकवीस वर्षं मी शिकणाऱ्यांचे धक्के खाल्ले. शिवणकाम करणाऱ्या एक बाई ब्रेकवर असा पाय मारायच्या, जणू मशीनवर परकरच शिवायला बसल्यात. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब वळण आलं की डोळे मिटून घेत. मास्तर कधी कुणावर खेकसले नाहीत. माझ्यात कॅसेटचा टेप होता, पण शिकवताना तो बंद असायचा.

"गिअर कधी बदलायचा ते गाडीच सांगते," ते म्हणत. "तिचं ऐका."

हे ऐकलं की माझा ऊर भरून यायचा.

मास्तरांच्या पत्नी वारल्या. एकुलती एक लेक नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली. घरात मास्तर एकटे आणि खाली मी. त्यानंतर कधीतरी त्यांना कमी ऐकू येऊ लागलं. ते सगळ्यांत आधी मला कळलं. भाजी आणायला निघालो की दुसऱ्या गिअरमध्ये मी कण्हत राहायची आणि त्यांचा हात काही गिअरकडे जायचा नाही. जो माणूस माझी जराशी खरखर ऐकून गाडी बाजूला घ्यायचा, तो मला तशीच रेटत बाजारापर्यंत न्यायचा. मी ओरडून तरी किती ओरडणार?

मग एका सकाळी शिकवताना मागून ट्रक हॉर्न वाजवत आला. शिकणाऱ्या मुलीने ऐकला, मास्तरांनी नाही. तिने स्टिअरिंग वळवलं म्हणून आम्ही वाचलो. त्या आठवड्यात मास्तरांनी टपावरची पाटी काढली आणि लोकांना सांगितलं, की आता थकलो.

लेकीचा फोन आला की ते मला कडेला घेत आणि फोन कानाला घट्ट दाबून सगळ्यालाच "हो, हो", "बरं, बरं" म्हणत. मला पलीकडचा शब्द न् शब्द ऐकू यायचा. एकदा ती म्हणाली, "बाबा, माझी नोकरी गेली." मास्तर हसून म्हणाले, "वा, छान झालं." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. मास्तरांनी फोन खिशात टाकला आणि समाधानाने मला चालू केलं. मित्रांनो, तोंड नसण्याचं दुःख मला त्या दिवशी कळलं.

तिचे फोन कमी झाले, मग बंदच पडले. मास्तरांना वाटलं, लेक विसरली. नीट ऐकू न येण्याचा दोष त्यांनी फोनला दिला आणि नवा फोन घेतला. त्यातही तिचा आवाज बारीकच येणार, हे त्यांना आधीच ठाऊक असावं, कारण त्यांनी तिला फोन केलाच नाही. पुढे फोनच्या दुकानदाराने सांगितलं, की हल्ली गाडीत असा टेप बसवतात, की फोनवरचं बोलणं थेट स्पीकरमधून ऐकू येतं. मास्तर मला घेऊन तडक गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या कारागिराकडे गेले.

कारागीर जाड भिंगांचा चष्मा लावणारा, मोजकं बोलणारा माणूस होता. त्याने आधी बॅटरीची वायर सोडवली. मग दोन वाकड्या तारा खुपसून माझा जुना टेप ओढून काढला. जन्मापासूनचा माझा सोबती डिकीत जाऊन पडला आणि छातीला भगदाड पडलं. आतल्या वायरींचे रंग उडाले होते. त्याने मीटर लावून एकेक वायर ओळखली, जोडली, वर चिकटपट्टी गुंडाळली. नवा टेप खाचेत बसेना, तेव्हा कानशीने कडा घासल्या. दारांतल्या स्पीकरचा कागद पार कुजला होता. ते काढून त्याने चार नवे स्पीकर लावले आणि बोलणं टिपणारा चिमुकला माईक काचेजवळ चिकटवला. दुपार उलटून गेली. मास्तर स्टुलावर बसून होते.

"लावा कुणाला तरी फोन," शेवटी कारागीर म्हणाला.

मास्तरांनी माझ्यात बसून बराच वेळ नंबर शोधला. त्यांना लावण्यासारखा नंबर एकच होता. काचा बंद होत्या, शेजारी बसून कारागीर आवाज वाढवत होता. माझी दारं थरथरायला लागली.

"बाबा? काय झालं? तुम्ही कसा काय फोन केलात?"

मास्तर दचकले. "किती दिवसांनी तुझा आवाज नीट आला गं."

"मला वाटलं, तुम्ही माझ्यावर चिडलाय." ती म्हणाली. "नोकरी गेली म्हटलं, तर तुम्ही छान झालं म्हणालात."

मास्तरांचा हात गिअरच्या दांड्यावर होता. तो तिथेच घट्ट आवळला गेला. "मला ऐकूच आलं नाही, बाळ," ते म्हणाले. "मला हल्ली ऐकू येत नाही."

हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. कारागीर हळूच दार उघडून उतरला आणि आवरलेलीच हत्यारं पुन्हा आवरू लागला. मास्तर निघाले तेव्हा तो त्यांच्यासमोर उभा राहून म्हणाला, "मास्तर, टेपचा आवाज चाळीसपैकी छत्तीसवर होता. समोरच्या फुटपाथवरची माणसं थांबून बघत होती. कान दाखवून घ्या."

पुढचा महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला. रोज संध्याकाळी मास्तर खाली येत आणि काचा लावून माझ्यात बसत. लेक बोलायची आणि मी बंद इंजिनाने ऐकायची. नव्या नोकरीची बातमी मास्तरांच्या बरोबरीने मलाही कळली.

मग ती स्वतः आली आणि त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. मास्तरांच्या दोन्ही कानांमागे आता छोटी यंत्रं आहेत. गाडी चालवणं त्यांनी आपण होऊन सोडलं. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून त्यांचं फोनवरचं हसणं खाली येतं. इकडे माझी बॅटरी उतरली आहे आणि नव्या टेपचा दिवा लागत नाही. खरं सांगते, एक-दोनदा मनात आलं, की ती यंत्रं बिघडावीत. मग माझी मलाच लाज वाटली.

मित्रांनो, दारात गाडी नुसती उभी असेल, तर आठवड्यातून एकदा तिचं इंजिन चालू करा, दोन चकरा मारून आणा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी कधी भलतंच उत्तर दिलं, तर रुसून उठू नका. त्यांच्यासमोर बसा, आणि तेच सावकाश पुन्हा सांगा.