चष्म्याच्या डबीतला वणवा

मी वणवा बोलतोय. घाबरू नका, पुठ्ठ्याचा आहे. पत्त्यांवर लढल्या जाणाऱ्या एका मायावी युद्धात मी टेबलावर पडलो, की सगळ्यांची सैन्यं जळून खाक होतात. कारखान्यातून बंद पाकिटात आलो आणि तिथेच माझा स्वभाव संशयी झाला. अंधारात अंगाला अंग लावून बसलेल्यांपैकी आपला कोण आणि परका कोण, काय सांगावं?

पाकीट फोडलं धाकट्याने. त्याचा खेळ घाईचा. छोटे छोटे शिपाई जमवायचे आणि पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच समोरच्यावर सोडायचे. उशिरा कामाला येणाऱ्या माझ्यासारख्याची वाट तो कशाला पाहतोय! "ताई, हा तुला घे," म्हणत त्याने मला बहिणीला देऊन टाकलं.

ताईचं चष्म्यांचं दुकान. तिचा खेळ भिंग घासण्यासारखाच सबुरीचा. आधी तटबंदी, मग आणखी तटबंदी, आणि शेवटी मी. तिसरा गडी शेजारचा शिंपी. तो स्वतः काही उभारत नाही, दुसऱ्याचं उसवतो. कुणी मोठा पत्ता टाकला, की तो रद्द करणारा पत्ता याच्याकडे तयार. दर रविवारी दुपारी दुकान बंद करून तिघे काउंटरवर बसत. आई गेल्यापासून या भावंडांची गाठ पडायची ती तेवढीच.

आणि मग ते विचित्र रविवार सुरू झाले. मी ताईच्या गड्डीत सगळ्यात वर आलो रे आलो, ताईने मला उचलायच्या आतच धाकटा सगळे शिपाई तिच्यावर सोडायचा. त्यातून ती वाचलीच, तर शिंपी मला रद्द करायचा. यांना कळतं कसं? माझा वहीम दुकानातल्या आरशांवर होता. ताईचाही असावा, कारण तिने सगळ्या आरशांवर कापड टाकलं. तरीही ती हरली. या दोघांचं साटंलोटं आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका उरली नाही.

सहाव्या रविवारी ताईने पत्ते आपटले. "खरं सांग, तुम्ही दोघं ठरवून येता ना? तसं असेल तर आजपासून हा खेळ बंद!"

"वा! खूण तू करायची आणि चोर मी?" धाकटा उठलाच.

"कसली खूण?"

शिंप्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "याच्या पाठीवर, कोपऱ्यात. आम्हाला वाटलं, पिसताना हा वर आणता यावा म्हणून तुम्हीच..."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"सख्ख्या बहिणीला लबाड कसं म्हणायचं?" धाकटा म्हणाला.

ताईने मला उलटं केलं. कोपऱ्यात चंद्रकोरीसारखी पांढरी घडी पडली होती. ती बघत राहिली. मग तिने पर्समधून चष्म्याची रिकामी डबी काढली आणि उघडून पुन्हा मिटली. खट्ट! तो आवाज मी कसा विसरेन? इतर पत्ते खोक्यात असायचे, मी एकटा त्या डबीत. तिचं झाकण एकदा माझ्या कोपऱ्यावर बसलं होतं.

"तू दिलेला म्हणून वेगळा जपत होते रे," ताई म्हणाली. "लोकांचे नंबर काढते मी, आणि मलाच हे दिसलं नाही." तिचे डोळे भरून आले. धाकटा गुपचूप खाली बसला आणि स्वतःचे पत्ते पिसायला लागला.

खूण पडलेला पत्ता खेळात चालत नाही. म्हणून आता माझा मुक्काम त्याच डबीत, भिंगं पुसायच्या मऊ फडक्यावर. झाकणाआडून मला सगळं ऐकू येतं. परवा ताई पुन्हा हरली आणि तिघेही पोट धरून हसले.

पाच रविवार मी एकेकाची नजर तपासली, पण स्वतःची पाठ काही मला दिसली नाही. तुम्हालाही कधी आपल्या माणसाचा संशय आला, तर भांडायच्या आधी हातातला पत्ता एकदा उलटून बघा. आणि डबी जरा सावकाश लावा. तिच्यावर माझा अजून विश्वास नाही.