तळाचा रवा

क्षितिजाच्या पत्राला विश्वनाथरावांनी उत्तर दिलंच नव्हतं. रियाधला मुलाकडे राहायला आल्यापासून त्यांना आलेलं ते एकमेव पत्र. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि उशीखाली सरकवून दिलं.

क्षितिजा साताऱ्याच्या एका गिर्यारोहण मंडळाची म्होरकी. विश्वनाथराव तिथल्याच कॉलेजात ग्रंथपाल होते. इंग्रजी पुस्तकं धुंडाळून त्यांनी मंडळासाठी हिमस्खलनाविषयी एक पुस्तिका लिहून दिली होती. स्वतः बर्फ पाहिला तो फ्रीजमधलाच.

तिनं लिहिलं होतं, ‘काका, नोव्हेंबरअखेर हिमाचलात निघतोय. यंदा बर्फ लवकर पडलाय, पण जेमतेम घोट्याएवढा. पोरं म्हणतात, एवढ्याशानं काय होणार? तुमच्या पुस्तिकेत “पहिल्या बर्फावर विसंबू नका” एवढंच आहे. का, ते कळवा. तुम्ही म्हणाल तसं करू.’

त्या शेवटच्या वाक्यानं त्यांची झोप उडवली. थोडा बर्फ म्हणजे थोडा धोका, हे सहज पटत होतं. पुस्तकं मात्र म्हणत होती, थोडा बर्फच दगाबाज. पातळ थर कडाक्याच्या थंडीत तळाशी रवाळ, सुटा होतो. नवा बर्फ त्यावर बसतो आणि... इथवर येऊन त्यांचं डोकं गरगरायचं. वर मऊ बर्फ, खाली मऊ बर्फ, मग घसरतं काय? आणि वाळवंटात एसीखाली बसून आपण कोण सांगणार?

“बाबा, सरळ फोन करा ना तिला,” सून हेमलता म्हणाली.

“फोनवर मी नुसता हो-हो करतो गं. ती ‘जाऊ ना?’ म्हणाली, तर हो म्हणून बसेन.”

“मग लिहा! निघायला आठवडा राहिला ना त्यांच्या?”

त्या दिवशी ती दूध आटवून वड्या थापत होती. तूप संपलेलं, म्हणून तिनं ताटावर रवा भुरभुरला आणि त्यावर मिश्रण थापलं. गार झाल्यावर ताट कलतं धरून तिनं सुरी टेकवली मात्र, अख्खी लादी सर्रकन सुटली आणि फरशीवर आपटली.

“गेल्या वड्या! बाबा, पाय नका देऊ तिथं!”

विश्वनाथराव ताटाकडे बघत राहिले. रवा बोटांत चोळला. दाणा दाण्याला धरत नव्हता.

“सुरी किती जोरात दाबलीस?”

“दाबली कुठं? टेकवली नुसती!”

ते तडक खोलीत गेले आणि लिहायला बसले. ‘तळाचा थर रव्यासारखा असतो. वाऱ्यानं त्यावर नव्या बर्फाची घट्ट लादी बसते. माणसाचं वजन म्हणजे सुरी. ताजा बर्फ पडला तर उभ्या उताराखाली किंवा उतारावर जाऊ नका. पायाखाली धप्प आवाज आला, म्हणजे तळ खचला; माथा दिसत असला तरी मागे फिरा. मी बर्फ पाहिलेला नाही. पण यावर ठाम आहे.’

कुरिअरच्या काउंटरवरच्या जमालुद्दीननं त्यांचा इकामा, म्हणजे तिथला रहिवासी परवाना, पाहिला. “कागज ही है ना, चाचा? चार दिन में पहुँच जाएगा।”

विश्वनाथरावांनी पाकीट सरकवलं, पुन्हा ओढलं. ‘ठाम’च्या आधी ‘बहुधा’ घालायला हवं होतं का?

“खलास, चाचा? हो गया?”

त्यांनी पाकिटावरून बोटं उचलली.

“खलास.”