आधी ड्रेसिंग

"देवा, दाराबाहेर बसलेल्या त्या माणसाचं कठीण मन तू मऊ कर," पास्टर डोळे मिटून म्हणाले आणि हॉलमधल्या सगळ्यांनी आमेन म्हटलं. मलमपट्टी करणाऱ्या सिस्टरबाईंनीही म्हटलं. सलग तिसऱ्या बुधवारी म्हटलं.

बाहेर पायरीवर तो माणूस, पलीकडच्या गोदामातला हमाल, उजव्या टाचेला फडकं गुंडाळून बसला होता. मिशनची मंडळी दर बुधवारी सकाळी वस्तीतल्या लोकांची मोफत मलमपट्टी करायची. आधी गाणी, मग वचन, मग प्रार्थना, मग नंबराच्या चिठ्ठ्या. हा गडी नऊला यायचा, उंबरठा काही ओलांडायचा नाही आणि साडेनऊला लंगडत निघून जायचा. तो बसलेला असतानाच मंडळी त्याच्यासाठी प्रार्थना करायची. भली माणसं हो, अगदी देवमाणसं, पण नाकासमोरचं दिसेल तर शपथ!

त्या दिवशी दारातून वारा आला आणि त्याबरोबर वास. सर्जिकल वॉर्डात चौतीस वर्षं काढलेल्या बाईला तो वास कुणी समजावून सांगावा लागत नाही. सिस्टरबाई मलमपट्टीची पेटी उचलून तडक बाहेर गेल्या.

"दादा, फडकं सोडा बघू."

"आत यावं लागेल का?"

"कशाला? पाय तर इथेच आहे."

टाचेत काच घुसलेली, त्यात अंगात साखरेचा आजार. बोट जाईल एवढा खड्डा पडला होता.

"मोठ्या दवाखान्यात दाखवलं?"

"दाखवलं. रोज ड्रेसिंग करा म्हणाले. दोन महिन्यांत भरलं नाही तर पाय कापायचा. त्यातले वीस दिवस गेले."

"मग तीन बुधवार आत का नाही आलात?"

"साडेनऊला हजेरी असते, बाई. तुमच्या चिठ्ठ्या निघेपर्यंत दहा वाजतात. मध्येच उठून जाणं बरं दिसत नाही. म्हटलं, एखाद दिवशी लवकर आटपतील."

सिस्टरबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पट्टी बांधून झाल्यावर त्या आत आल्या त्या थेट पास्टरांपुढे.

"त्या माणसाचं मन ठणठणीत आहे. पाय सडलाय. आपण तीन आठवडे भलत्याच अवयवासाठी प्रार्थना केली."

पास्टरांची बायको, जिला सगळे वहिनी म्हणत, चाचरत म्हणाली, "पण सिस्टरबाई, आपल्याकडे पहिल्यापासून हीच पद्धत..."

"पहिल्यापासूनच चुकलं, वहिनी. चाळीस दिवस हातात आहेत. रोज सकाळी सहाला मी गोदामाच्या फाटकावर जाणार. कोण येतंय?"

पास्टरांनी हातातलं बायबल मिटलं. मग म्हणाले, "घमेलं मी धरतो."

आणि धरलं की खरंच! दररोज सहाला फाटकापाशी एका खोक्यावर हमाल, खाली मांडी घालून सिस्टरबाई, शेजारी घमेलं धरलेले पास्टर आणि पट्ट्या कापणाऱ्या वहिनी. मुकादम पहिल्या दिवशी गुरगुरला. सिस्टरबाईंनी त्याला जखम जवळून दाखवली. गडी पांढराफटक पडला. दुसऱ्या दिवसापासून हमालाला बसून पोत्यांची तोंडं शिवायचं काम मिळालं.

अठराव्या दिवशी जखम पुन्हा चिघळली. "सोडा बाई, माझं नशीबच फुटकं," हमाल म्हणाला. "नशिबाचं तुमचं तुम्ही बघा, टाच माझ्या ताब्यात आहे," असं म्हणून सिस्टरबाईंनी चिमटा उचलला. घरी जाऊन त्या उशीत तोंड खुपसून रडल्या, आणि सकाळी सहाला हजर.

चाळिसाव्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी टाच दाबून पाहिली, पुन्हा दाबून पाहिली. "कापायला काही शिल्लकच ठेवलं नाहीत तुम्ही," ते म्हणाले.

दवाखान्याबाहेर हमालाने हळूच विचारलं, "बाई, आता मी प्रार्थनेला यायला हवं ना?"

"मनापासून वाटलं तर या. दार उघडंच आहे. पायाची परतफेड म्हणून मात्र येऊ नका."

आणखी महिनाभर डॉक्टरांनी त्याला वजन उचलू दिलं नाही. मग एका सकाळी, जाड तळाचे नवे बूट घालून, तो ट्रकला लावलेल्या फळीपाशी उभा राहिला. पाठीवर पोतं चढलं. फाटकापाशी सिस्टरबाई दुसऱ्याच कुणाची चिरडलेली बोटं धूत होत्या. त्यांचा हात थांबला.

डावा पाय पडला. मग उजवा, पुरता, टाचेसकट. फळी वाकली, हमाल नाही. चार पावलांत तो वर पोचला.

चर्चमध्ये गाण्यालासुद्धा कधी टाळी न देणाऱ्या सिस्टरबाई रबरी हातमोजे घातलेल्या ओल्या हातांनी टाळ्या पिटू लागल्या. पास्टरांनी घमेलं खाली ठेवलं आणि तेही पिटू लागले. वर ट्रकमध्ये हमालाने पोतं थप्पीला लावलं, पाठ सरळ केली आणि दुसरं पोतं आणायला तो फळीवरून खाली निघाला.