बाईपणाची तालीम

कसालच्या हौशी मंडळींनी यंदा स्पर्धेसाठी जुनं, गाजलेलं पतिव्रतेचं नाटक काढलं आणि नायिका केलं सलोनीला. बाजारात आईबरोबर मासे विकणाऱ्या सलोनीला हुरूप आला. पण पहिल्याच तालमीत दिग्दर्शक दत्तप्रसादांनी कपाळाला हात लावला. "आवाज केवढा! चाल कसली! अगं, तुझ्यात बाईपणच नाही!"

ते शिकवायला काशीरामकाका आले. तरुणपणी लुगडं नेसून त्यांनी अख्खा जिल्हा रडवला होता. सत्तरीतले काका पदर सावरत असे काही चालले की मंडळी हरखली.

"बायलमाणूस असा चलता," काका म्हणाले. "मान खाली. घोवान लाथ मारली तरी त्याचेच पाय चेपूचे."

"काका, शेवंतीकाकी घराक अशीच चलता?"

"ती खंय नाटकात आसा?"

सलोनीने जीव तोडून मान खाली घातली. पण दारुड्या नवऱ्याचं काम करणाऱ्या अजयने लाथ उगारली की तिचा हात आपसूक त्याच्या तंगडीला जायचा. एकदा अजय असा आपटला की घोटाच सुजला. स्पर्धा तोंडावर आलेली. दत्तप्रसादांनी तोडगा काढला: नायिका काकांनी करायची, नवरा सलोनीने. "नवऱ्याला नुसतं ओरडायचं तर आहे!"

स्पर्धेत मिशी लावलेल्या सलोनीच्या पायांवर काका हंबरडा फोडत कोसळले. पुढच्या रांगेतून शेवंतीकाकी ताडकन उठल्या. "मेल्या, माझ्या पायांर कधी पडलंस रे?"

बायका खो खो हसल्या. आता लाथेची पाळी. सलोनीने पाय उचलला, पण काकांचे थरथरते गुडघे पाहून तो पुढे जाईना. तिने त्यांना हात दिला. "ऊठ गो, गुडघे दुखतले तुझे."

"लाथ मार!" विंगेतून दत्तप्रसाद फुत्कारले. "तिला मरायचंय!"

काका सवयीने छाती धरून लाथेवाचूनच मेले.

उत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक त्यांनाच मिळालं. सलोनीबद्दल परीक्षक म्हणाले, "पती पुरेसा निर्दय वाटला नाही." तिला हसावं की चिडावं कळेना.

परतीच्या टेम्पोत दत्तप्रसादांनी पुढल्या वर्षीचं नाटकही जाहीर केलं. त्यातली नायिका पहिल्याच अंकात झुरून मरते.

"बरा झाला," काका म्हणाले, "माका लवकर घराक जाऊक गावतला."