गिरणीच्या वाटेवरची टोपली

मी एक जुनी बांबूची टोपली आहे. झाकणासकट! झाकण विसरू नका, पुढे त्याचं काम आहे.

मित्रांनो, मला एका बुरडाने ओल्या कामट्या तासून घट्ट विणलं. एकोडीच्या बाजारातून रुखमिणीबाईंनी मला घरी आणलं. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत त्यांच्या डोक्यावर बसून मी धानाच्या शेतात, बांधीवर भात-भाजी नेत असे. चिखलात वाकलेल्या बाया मला पाहून कंबर सरळ करत आणि ओरडत, "आली वो टोपली!" काय तोरा होता माझा!

मग घरात स्टीलचे डबे आले आणि मी धानाच्या कोठीमागे गेले. तिथे चिंधी मांजरीने माझ्यात घर केलं. वर्षातून दोनदा ती माझ्यात पिल्लं द्यायची. त्यांचे डोळे उघडले की रुखमिणीबाईंचा मुलगा धनीराम झाकण लावून मला गाडीवर घ्यायचा आणि साकोलीच्या वाटेवरच्या भातगिरणीमागे पिल्लं सोडून यायचा. "उंदरं हायेत तिथं, जगतात," म्हणायचा. पुढच्या खेपेला मागचं एकही पिल्लू तिथे दिसत नसे. रिकामी टोपली हलकी असते म्हणतात. परतताना मला तसं कधीच वाटलं नाही.

यंदा ग्रामपंचायतीने नियम केला. घरात कुत्रा किंवा मांजर ठेवायचं असेल तर महिनाअखेरपर्यंत त्याची नसबंदी करून दाखला दाखवायचा.

"आता मांजरीचाही दाखला!" धनीराम हसला. "मले एवढा वेळ नाही. एक डाव, एकदाच, दवाखान्यात नेईन. नाही झालं त् चिंधीलेच गिरणीवर सोडून येईन."

"एक डाव त् एक डाव," त्याची मुलगी तृप्ती म्हणाली. "पन न्याच लागन, बाबा!"

एकोणतीस तारखेला आम्ही साकोलीच्या जनावरांच्या दवाखान्यात पोहोचलो. तिथल्या डॉक्टर रिता मॅडमनी विचारलं, "फोनवर सांगितलं होतं तशी रात्रीपासून उपाशी आहे ना?"

"हो जी," धनीराम म्हणाला.

मॅडमनी झाकण उचललं. माझ्या कामट्यांत पांढरं काही अडकलं होतं. त्यांनी ते नखाने काढलं. भाताचं शीत! दुधात भिजलेलं.

"पोट भरलेलं असताना भूल दिली तर उलटी होते, श्वासात अडकते. मांजर मेली असती," मॅडम म्हणाल्या. "उद्या आणा. उपाशी."

मित्रांनो, तो दूधभात रुखमिणीबाईंनी पहाटे गुपचूप भरवला होता. मी पाहिलं होतं, पण मला सांगता कुठे येतं?

परतताना गिरणीजवळ धनीरामने गाडी थांबवली. तृप्तीने दोन्ही हातांनी माझं झाकण दाबून धरलं.

"बाबा, काहून थांबले?"

"एक डाव म्हटलं होतं ना?"

"चूक चिंधीची हाय का? उद्याचा दिवस बाकी हाय!"

धनीराम गिरणीमागच्या कोंड्याच्या ढिगाकडे बघत राहिला. आत चिंधी एकदाच ओरडली. मग त्याने किक मारली. गाडी घराकडेच वळली.

घरी तृप्ती आजीवर कडाडली, "आजी, तुवा जेवू घातलं तिले?"

"मंग? लेक गावाले निघाली त् कोनी उपाशी धाडते का? तिचं त् पोट फाडनार होते!"

"त्या दूधभातानं मेली असती ते!"

 त्या रात्री रुखमिणीबाईंनी आपलं ताट वाढलंच नाही. "ते उपाशी, त् मीबी उपाशी," एवढंच बोलल्या. दुसऱ्या दिवशीही चिंधी येईपर्यंत पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

तीस तारखेला माझ्यात एकही शीत नव्हतं. संध्याकाळी चिंधी पोटावर टाके घेऊन, झिंगलेली, माझ्यात परत झोपली. दाखला तृप्तीच्या दप्तरात होता.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. जीव पाळलात तर त्याच्या पिल्लांचाही विचार आधीच करा. डॉक्टर उपाशी ठेवा म्हणाले, तर माया दुसऱ्या दिवशी भरवा. आणि आमच्यासारख्या टोपल्यांना भाजी द्या, बोरं द्या, काहीही द्या. फक्त कुणाला सोडून यायला नेऊ नका.

त्या संध्याकाळी परतताना वाटेत गिरणी आली. गाडी थांबली नाही. त्या वाटेवरून नेहमी रिकामी येणारी मी सलग दुसऱ्या दिवशी भरलेली घरी आले.