ट्रम्पेटवाल्या आक्काची हरकत

चेपलेली ट्रम्पेटं सरळ करायची, मुकी क्लॅरिनेटं बोलती करायची, हे आक्काचं काम. वडिलांमागे तीस वर्षं तिनं ते दुकान चालवलं. दुरुस्त केलेलं वाद्य वाजवून पाहिल्याशिवाय ती गिऱ्हाइकाच्या हाती देत नसे. समोरच्या निवृत्त मास्तरांनी त्याचीच तक्रार केली, आणि दंडाधिकाऱ्यांचा आदेश आला: सार्वजनिक उपद्रव होतो, दहा दिवसांत दुकान बंद करा, नाहीतर हजर राहून हरकत सांगा.

"शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये," धाकटा भाऊ म्हणाला.

"मग मी वेडीच बरी."

बोलली खरी, पण त्या दिवशी वाद्याच्या सांध्याला डाग देताना तिचा हात दोनदा भाजला.

सुनावणीच्या दिवशी दंडाधिकारी मॅडमनी कागद बाजूला ठेवला. "हा आदेश तात्पुरता आहे. तुमचं ऐकल्याशिवाय कायम होणार नाही. तक्रार मान्य आहे?"

"आवाज होतो, मॅडम. लोकांना त्रास होतो, हे मान्य नाही."

"मग पुरावा बघू. एकट्याला त्रास झाला, तर तो सार्वजनिक ठरत नाही."

मास्तरांनी दोन साक्षीदार आणले होते. शेजारचा शिंपी म्हणाला, "आवाज येतो. पण नाही आला, तर चुकल्यासारखं होतं." दुसऱ्या होत्या मास्तरांच्याच पत्नी. "यांची झोपमोड होते खरी," त्या म्हणाल्या, "मी मात्र मुद्दाम खिडकी उघडते."

मास्तर चाट पडले. "कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

लेखनिकानं हसू दाबायला मान खाली घातली.

तरीही मॅडम दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतः आवाज ऐकायला आल्या आणि मास्तरांच्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसल्या. समोर दुकानात आक्कानं ट्रम्पेट ओठाला लावलं. पहिला सूर घाबरून फाटला. दुसरा असा लागला की रस्त्यावरचा भाजीवाला गाडी थांबवून उभा राहिला.

मॅडमनी तिथेच टिपण केलं आणि संध्याकाळी आदेश रद्द झाला.

आक्का थेट मास्तरांकडे गेली. "दोन ते चार मी वाजवणार नाही. तुम्ही निवांत झोपा."

मास्तर जरा घुटमळले. "साडेतीनपर्यंत पुरे. मग चहाला या."

त्या संध्याकाळी दुकानाची दोन्ही दारं सताड उघडून आक्कानं दुरुस्त झालेलं एकेक वाद्य वाजवलं. ओठ सुजले, तरी तिचं मन भरेना. भाऊ पायरीवर बसून मांडीवर ठेका धरत होता.